अडकलेला ब्रेक : कारण शोधण्याचा एक पाठ

जुलै महिना होता. आठ दिवस संततधार चालली होती आणि शाळेची जुनी मारुती व्हॅन हँडब्रेक ओढलेल्या अवस्थेत उघड्यावर उभी होती. पहाटे वसतिगृहातील एका विद्यार्थिनीला सणकून ताप चढला. तिला रुग्णालयात नेण्यासाठी गाडी सुरू केली, तर मागची चाके हलेनात. चालकमामा म्हणाले, "सर, ब्रेक धरलाय. जरा बघून घेतो." मी घाईत होतो. म्हणालो, "मामा, जोर द्या, सुटेल." खट्‌ असा आवाज झाला आणि गाडी निघाली. सहा-सात किलोमीटरवर जळका वास आला. उजव्या मागच्या चाकातून धूर निघत होता. मुलीला दुसऱ्या वाहनाने पुढे पाठवावे लागले. ती बरी झाली. परंतु ब्रेक सुटणे आणि ब्रेक दुरुस्त होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

मी इतिहासाचा शिक्षक. यंत्रविद्या माझा विषय नव्हे. पुढील माहिती मामांच्या हाताखाली शिकलेली आहे. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांचा चरितार्थ जुन्या जीपवर किंवा टेम्पोवर चालतो, म्हणून ती येथे मांडतो.

रचना

ड्रम ब्रेकचे श्रेय सामान्यतः फ्रान्सच्या लुई रेनो यांना दिले जाते, काळ १९०२चा. चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या ड्रमच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ब्रेक शू असतात. पायाने पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने व्हील सिलिंडरमधील पिस्टन शूंना बाहेर ढकलतात. शूवरील लायनर ड्रमला घासतात. पाय उचलताच स्प्रिंगा शूंना मागे खेचतात. हँडब्रेक हेच शू केबलने ओढतो. शू मागे न येणे, म्हणजे ब्रेक अडकणे. आमच्या गाडीत ओलाव्याने ड्रमला गंज चढून लायनर त्याला चिकटले होते. पण जोर देऊन ते सुटल्यावरही शू मागे का आले नाहीत, हा खरा प्रश्न होता.

कारण कोठे आहे?

गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत. मागची बाजू जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर विसंबू नये. हँडब्रेक सोडून चाक हाताने फिरवावे. ते जड असेल, तर प्रथम हँडब्रेक केबलचा ताण देणारा नट सैल करावा. चाक मोकळे झाले, तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या ताणात आहे. न झाल्यास व्हील सिलिंडरचा ब्लीडर नट किंचित उघडावा. ऑइल जोराने उडून चाक सुटले, तर आत दाब कोंडलेला आहे : ब्रेकचा रबरी होज आतून फुगला असेल किंवा मास्टर सिलिंडर दाब सोडत नसेल. तरीही चाक जड राहिले, तर ड्रम उघडावा. ब्रेक ऑइल डोळ्यांत जाऊ देऊ नये. रंगावर पडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

दुरुस्ती

ड्रम निघत नसेल, तर ॲडजस्टर मागे घेऊन शू आत आणावेत आणि ड्रमवर सगळीकडून सारखे, हलके ठोके द्यावेत. पुष्कळ ड्रमवर आट्यांची दोन भोके असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम बाहेर येतो. आतील भुकटी हवेने किंवा तोंडाने कधीही फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक असते. तोंडाला मास्क लावून ती ओल्या फडक्याने पुसावी.

एका वेळी एकच बाजू खोलावी. जोडताना दुसरी बाजू नमुना म्हणून उपयोगी पडते. शू ज्या पत्र्यावर सरकतात, त्यावर खाचा पडल्या असतील, तर त्या कानशीने घासून सपाट कराव्यात आणि तेथे उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा पातळ थर द्यावा. लायनरला मात्र ग्रीस लागू देऊ नये. सैल स्प्रिंगा बदलाव्यात. व्हील सिलिंडरचे रबर उचलून पाहावे; आत ओल किंवा गंज असेल, तर सिलिंडर बदलणे उत्तम. त्याच्या रबराला पेट्रोल, डिझेल वा इंजिन ऑइल लावू नये, ते फुगते. आतून गंजलेल्या केबलवर तेल सोडणे ही तात्पुरती मलमपट्टी ठरते. लायनर बदलायचे तर दोन्ही चाकांचे बदलावेत, अन्यथा गाडी एका बाजूला ओढते.

आमच्या व्हॅनमध्ये उजवी केबल गंजली होती आणि एक स्प्रिंग तुटली होती. जोर देऊन शू ड्रमपासून सुटले, पण त्यांना मागे खेचणारे काही उरले नव्हते.

तपासणी

काम संपल्यावर पाइपमधील हवा काढावी, पेडल घट्ट लागते का ते पाहावे आणि रिकामी गाडी सावकाश चालवावी. थांबल्यावर चाकाला हात न लावता जवळ तळहात धरावा. एक चाक दुसऱ्याहून अधिक तापले असेल, तर काम अपुरे आहे. व्हील सिलिंडर किंवा होज बदलल्यावर जाणत्या मेकॅनिककडून पाहून घेतल्याखेरीज गाडीत मुले बसवू नयेत.

ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी करायची असेल, तर सपाट जागी, गिअरमध्ये आणि चाकांना ठोकळे लावून उभी करावी. हँडब्रेक ओढू नये. आमच्या व्हॅनचे दोन लाकडी ठोकळे आता आसनाखाली कायम असतात. आणि मामा "जरा बघून घेतो" म्हणाले, की मी आता बॅटरी धरून त्यांच्या शेजारी बसतो.