फेरफार झाला, जमीन तिथंच आहे

बयो, माळ्यावरचा एक्सटी कॉम्प्युटर खाली काढलास ते बरं केलंस, पण लगेच बटण दाबू नकोस. मांडव्याची हवा खारी. आधी कॅबिनेटमधली धूळ काढ, केबलींच्या टोकांवर हिरवट गंज चढलाय का बघ. हार्ड डिस्कचा डबा मात्र उघडायचा नाही. आतल्या चकतीवर हेड केसाहून कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. जेट्टीवरच्या वाळूचा एक कण पुरे. डब्यावरची चिठ्ठीही फाडू नकोस, कारखान्यातून आलेल्या खराब ट्रॅकांची यादी तिच्यावर आहे.

डिस्क 10 एमबीची. आयबीएमने 1983 साली पहिल्या एक्सटीत घातली तशीच. 306 सिलिंडर, 4 हेड, एका ट्रॅकवर 17 सेक्टर, एका सेक्टरात 512 बाइट. गुणाकार केलास तर 1 कोटी 6 लाखांवर जातो. आज मोबाइलमधले तीन फोटो मावायचे नाहीत, आम्ही त्यात अख्ख्या ऑफिसचे हिशेब ठेवायचो!

पण डॉस, म्हणजे त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, सुट्टे सेक्टर वाटत नाही. आठ-आठांचे प्लॉट पाडतो, त्याला क्लस्टर म्हणतात. दोन ओळींची चिठ्ठी लिहिलीस तरी तिला 4096 बाइटचा पुरा प्लॉट. एका उतारूसाठी अख्खी लाँच सोडावी तसं. म्हणून बारीकसारीक फायली साठवत बसू नकोस.

आता खरी गोष्ट. डिस्कचा सातबारा दोन ठिकाणी असतो. डिरेक्टरीत फाइलचं नाव, आकार आणि पहिल्या प्लॉटचा नंबर. पुढचा प्लॉट कुठला, त्याच्या पुढचा कुठला, हे 'फॅट' नावाच्या तक्त्यात. त्याच्या दोन प्रती असतात. प्लॉटांचे नंबर 2 पासून सुरू होतात. 0 आणि 1 राखीव.

फाइल पुसलीस की डॉस काय करतो? नावाचं पहिलं अक्षर बदलतो आणि तक्त्यातली साखळी शून्य करतो. मजकुराला हातही लावत नाही. फेरफार झाला, जमीन तिथंच. म्हणून चुकून पुसलं गेलं तर त्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. पुसलेलं परत आणणारं अनडिलीट फ्लॉपीवरूनच चालवायचं. मी एकदा वर्षाचा हिशेब पुसला, आणि घाबरून, काय झालं ते साहेबांना कळवायचं पत्र त्याच डिस्कवर सेव्ह केलं. पत्र नेमकं हिशेबावर बसलं. तुकड्यातुकड्यांत विखुरलेली फाइल तर अनडिलीटलाही नीट जमत नाही, कारण साखळी गेलेली असते. फाइल सलग प्लॉटांवर आहे असं ते धरून चालतं.

लिहिताना वीज गेली, आणि आपल्याकडे ती जातेच, तर डिस्क तपासणारा चेकडिस्क आधी साधा चालव. काय म्हणतोय ते वाच, मगच दुरुस्तीचा '/एफ' लाव. बेवारस तुकडे तो 'फाइल0000' अशा नावांनी ठेवतो. उघडून बघितल्याशिवाय टाकू नकोस.

एक्सटी मुंबईला न्यायचा असेल तर रो-रोने गाडीतून ने, साध्या लाँचमध्ये चढउतार करताना हिसके बसतात. निघण्याआधी 'पार्क' चालव, म्हणजे हेड रिकाम्या जागेवर जाऊन बसेल. नंतर थेट स्विच बंद कर. सगळं ठीक आहे ना म्हणून पुन्हा डीआयआर मारून बघितलंस, तर हेड परत मजकुरावर येतं.