दूरच्या दप्तरातून कागद मागविण्याची रीत



शाळेचे बरेचसे कागद आज कपाटात नसून दूरच्या संगणकांवर असतात. परिपत्रके, प्रश्नपत्रिका, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, विद्यार्थ्यांच्या याद्या हे सर्व तेथे ठेवले जाते व लागेल तेव्हा उतरवून घेतले जाते. या व्यवस्थेस ‘क्लाउड’ असे नाव पडले आहे. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे: कोठेतरी एका इमारतीत अहोरात्र चालणारे संगणक आणि त्यांतील कप्पे.

एक-दोन फाइली हव्या असतील, तर शिक्षक बटण दाबून त्या उतरवून घेतो. परंतु शेकडो फाइली वरचेवर आणावयाच्या असतील, तर ते काम संगणकाच्या आज्ञावलीकडे सोपवावे लागते. आज्ञावलीने ज्या दाराशी जाऊन ठरलेल्या भाषेत मागणी करावयाची, त्या दारास ‘वेब एपीआय’ म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांना आज्ञावली लिहावयाची नाही, हे खरे. तथापि तिने आणलेल्या यादीखाली सही आपल्यालाच करावयाची असते. यास्तव ‘फाइली उतरल्या’ आणि ‘सर्व फाइली पूर्ण उतरल्या’ या दोन विधानांतील अंतर स्पष्ट करणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

उदाहरणादाखल मायक्रोसॉफ्ट कंपनीचा शेअरपॉइंट हा दस्तऐवज-संग्रह घेऊ. तो २००१ साली प्रथम निघाला. त्यातील कागद आज्ञावलीने मागविण्याचे एक दार ‘मायक्रोसॉफ्ट ग्राफ’ या नावाने २०१५ पासून सर्वांस खुले आहे. अध्यापनात आपण पंचपदी शिकलो. या कामाच्याही पाचच पायऱ्या आहेत.

१. ओळख पटविणे

दाराशी गेल्यावर प्रथम ओळख द्यावी लागते. ती पटली म्हणजे आज्ञावलीस ‘टोकन’ नावाची एक परवाना-चिठ्ठी मिळते व पुढील प्रत्येक मागणीसोबत ती दाखवावी लागते. या चिठ्ठीची मुदत सामान्यतः ६० ते ९० मिनिटे असते. मुदत सरल्यावर दारातून ४०१ हा आकडा परत येतो. त्याचा अर्थ, ‘ओळख पुन्हा द्या’. ४०३ आला तर अर्थ निराळा: ‘ओळख पटली, पण हा कागद पाहण्याचा अधिकार तुम्हांस नाही’. पहिल्या प्रसंगी नवी चिठ्ठी घ्यावी. दुसऱ्या प्रसंगी वरिष्ठांकडे परवानगी मागावी. संपूर्ण दप्तराऐवजी नेमून दिलेल्या एकाच जागेपुरती परवानगी देण्याची सोय येथे आहे, तीच घ्यावी. गुप्त किल्ली आज्ञावलीच्या मजकुरात लिहून ठेवू नये आणि व्हॉट्सॲपच्या गटावर तर कदापि टाकू नये.

२. यादी मागविणे

फाइल मागण्यापूर्वी कप्प्यात काय काय आहे याची यादी मागवावी. सर्वांत मोठा धोका याच पायरीवर आहे. यादी लांब असली, तर दार ती एकदम देत नाही. एका वेळी साधारणपणे २०० नोंदी देते व खाली पुढील पृष्ठाचा पत्ता लिहिते. त्या पत्त्यावर पुन्हा मागणी करावयाची आणि पुढचा पत्ता येईनासा होईपर्यंत हा क्रम चालवावयाचा.

समजा, एका तालुक्यातील ४३० शाळांच्या शिष्यवृत्ती-पात्र मुलांच्या याद्या एका कप्प्यात आहेत. २००, २०० आणि ३० अशी त्यांची तीन पृष्ठे होतील. आज्ञावलीने केवळ पहिलेच पृष्ठ वाचले, तर २३० शाळा मागे राहतील. दार याविषयी काहीही तक्रार करणार नाही, कारण जे मागितले ते त्याने दिले आहे. पडद्यावर ‘काम पूर्ण’ अशी अक्षरे उमटतील आणि त्या २३० शाळांतील मुले मात्र हिशेबातून निघून जातील. त्यांच्या पालकांना कोणाकडे विचारावे, हेही कळणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कप्प्यात पोटकप्पे असतील, तर यादीत त्यांची केवळ नावे येतात. आतील फाइली येत नाहीत. प्रत्येक पोटकप्प्याची यादी वेगळी मागवावी लागते.

३. फाइल उतरवून घेणे

यादीतील प्रत्येक फाइलीस एक ओळख-क्रमांक असतो. तो सांगून फाइलीचा मजकूर मागितला, की दार ३०२ हा आकडा व एक तात्पुरता पत्ता देते. खरी फाइल त्या पत्त्यावर मिळते. तेथे चिठ्ठी दाखवावी लागत नाही, म्हणजेच तो पत्ता ज्याच्या हाती पडेल त्यास फाइल मिळेल. म्हणून तो कोणास देऊ नये. तो थोडाच वेळ चालतो. तेव्हा जपून ठेवण्यातही अर्थ नाही.

खेड्यात जोडणी मध्येच तुटते. मग अर्धी फाइल पूर्ण फाइलीच्याच नावाने पडून राहते. यावर उपाय दोन. पहिला, फाइल उतरत असताना तिच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असे चिन्ह ठेवावे व सर्व बाइट आल्यावरच ते काढावे. किती बाइट यावयाचे, ते उत्तराच्या शीर्षभागात बहुधा लिहिलेले असते. दुसरा, तुटलेली फाइल पहिल्यापासून न मागता ‘अमुक बाइटपासून पुढे द्या’ अशी मागणी करावी. ती मान्य झाल्यास २०६ हा आकडा येतो. मात्र ही मागणी तात्पुरत्या पत्त्यावर करावयाची, मूळ दाराशी नव्हे.

४. थांबणे

मागण्या फार भरभर केल्या, तर ४२९ हा आकडा येतो. किती सेकंद थांबावे हेही बहुधा सोबत सांगितलेले असते. तितके थांबून पुन्हा मागावे. उतावीळपणे मागत राहिल्यास अडवणूक लांबते आणि त्याच संग्रहातून काम करणाऱ्या इतरांचाही खोळंबा होऊ शकतो.

५. मेळ घालणे

हजेरीपटाची बेरीज डोकी मोजून पडताळली जाते, त्याप्रमाणे येथेही करावे. यादीतील नोंदी किती, उतरलेल्या फाइली किती, ‘अपूर्ण’ राहिलेल्या किती, हे तीन आकडे दर वेळी कागदावर मांडावेत. शेअरपॉइंट फाइलीसोबत मजकुरावरून काढलेली एक पडताळणी-खूणही देऊ शकतो. उतरलेल्या फाइलीवरून तीच खूण पुन्हा काढून दोन्ही जुळतात का, हे आज्ञावलीकडून पाहून घ्यावे. मेळ बसला नाही, तर ‘काम पूर्ण’ असे लिहू नये. कोणत्या शाळेची फाइल राहिली, ते नावानिशी लिहावे.

उतरवून घेतलेल्या याद्यांत मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांची माहिती असते. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला असून त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीस विशेष जपले आहे. काम झाल्यावर नको असलेल्या प्रती पुसून टाकणे, हा या कामाचाच भाग समजावा.

उपयोजन

केंद्राच्या मासिक बैठकीत हा पाठ संगणकाविनाही करता येईल. एका शिक्षकाने कपाटाशी बसावे व मागितल्याखेरीज काही देऊ नये. दुसऱ्याने त्याच्याकडून पाच-पाच नोंदींची पृष्ठे घेत तेवीस वह्या मागून आणाव्यात. पाचवे पृष्ठ मागण्याचे तो विसरतो का, एवढेच इतरांनी पाहावे.

स्वाध्याय

(१) एका कप्प्यात ६५० फाइली आहेत. दर पृष्ठावर २०० नोंदी येत असल्यास किती वेळा यादी मागवावी लागेल? शेवटच्या पृष्ठावर किती नोंदी असतील?

(२) ४०१ व ४०३ यांतील भेद स्वतःच्या शब्दांत सांगा.

(३) तुमच्या शाळेस मागील खेपेस मिळालेली कोणतीही एक यादी हजेरीपटाशी ताडून पाहा. नावे सारखी भरली का? न भरल्यास कोणते मूल राहिले, ते मुख्याध्यापकांस लेखी कळवा.