धान्याची राखण करणाऱ्या मांजराची निगा



ज्वारी, गहू, हरभऱ्याची पोती घरात आली की मागोमाग उंदीर येतात. एक उंदीर दिवसाला २५ ते ३० ग्रॅम धान्य खातो आणि त्याहून जास्त लेंड्यांनी व मुताने नासवतो. यावर आपल्याकडचा पिढीजात उपाय म्हणजे मांजर. पण गाईला पेंड, बैलाला खुराक, कुत्र्याला भाकरी जशी ठरलेली असते, तसे मांजराचे काही ठरलेले नसते. "त्याचे ते बघेल" एवढ्यावर ते वर्षानुवर्षे राबते. पीकशास्त्र शिकविणाऱ्याने मांजरावर का लिहावे, असे कुणाला वाटेल. परंतु पीक खळ्यावर संपत नाही, ते कणगीत तितकेच सांभाळावे लागते, आणि तेथील हा राखणदार बहुधा आपल्याच हातून मरतो.

पहिला गैरसमज असा की मांजर उपाशी ठेवले म्हणजे ते जास्त उंदीर मारते. शिकार करणे हा मांजराचा स्वभाव आहे, पोट भरलेले मांजरही उंदरावर झडप घालते. उपाशी मांजर मात्र घर सोडून जेथे खायला मिळेल तेथे फिरू लागते. शेजारच्या कोंबड्यांची पिल्ले जातात ती अशाच मांजराकडून. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी शेतावरील मांजरांच्या उपयोगाचा अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. उंदरांनी आधीच ठाण मांडले असेल तर मांजर त्यांचा नायनाट करू शकत नाही. उंदीर एकदा काढून टाकले आणि मांजरांना घरी खाणे देऊन टिकवले, तर नवे उंदीर मात्र वस्ती करू शकत नाहीत. तेही इमारतीपासून साधारण ५० यार्डांच्या आतच. म्हणून मांजराकडून शेताच्या बांधावरील उंदरांची अपेक्षा ठेवू नये. मोठी घूस दिसली तर बरीच मांजरे मागे सरतात, त्यात त्यांचा दोष नाही.

तेव्हा आधी पोती भिंतीपासून दीड-दोन फूट अंतरावर लाकडी फळ्यांवर रचावीत. दाराखालच्या फटीला पत्रा मारावा. बोटाएवढ्या भोकातूनही लहान उंदीर आत येतो, म्हणून भिंतीतील भोके काच-सिमेंटने बुजवावीत. घरात पिंजरे लावावेत. त्यानंतरचे काम मांजरावर सोडावे.

विष आणि मांजर

एका घरात विष आणि मांजर दोन्ही नांदत नाहीत. झिंक फॉस्फाईडचे आमिष पोटात गेले की तेथील आम्लाशी संयोग होऊन फॉस्फीन वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. मांजर सहसा भरडा खात नाही, पण आमिषाला सुकटीचा वास लावला तर उंदराच्या आधी तेच येते. शिवाय मेलेल्या उंदराच्या पोटात न पचलेले विष शिल्लक असते. ब्रोमॅडिओलोनची गोष्ट आणखी निराळी. हे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस अंतर्गत रक्तस्राव होऊन सुस्तावतो, दिवसाउजेडी उघड्यावर येतो. असा उंदीर पकडणे मांजराला सर्वांत सोपे, आणि विष त्याच्या यकृतात साठलेले असते. असे दोन-चार उंदीर खाल्ले की मांजर फिकट पडते, धापा टाकते, नाकातून किंवा शौचातून रक्त जाते. यावर के-१ जीवनसत्त्वाचा उपचार आहे, मात्र तो पशुवैद्यकाकडून आणि वेळेत व्हावा लागतो. जाताना विषाचे पाकीट सोबत न्यावे, म्हणजे कोणते विष ते कळते.

शेतात आमिष वापरायचेच असेल तर ते उघड्यावर टाकू नये. कागदाच्या पुडीत बिळाच्या आत खोल ठेवून तोंड मातीने बुजवावे. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत आणि मोहीम संपल्यावरही निदान दोन आठवडे मांजर घरात कोंडून ठेवावे. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात कधीही वापरू नयेत. तेथे प्रश्न मांजराचा नाही, झोपलेल्या माणसांचा आहे.

दुसरे विष गोठ्यातून येते. गोचिडांसाठी जनावरांवर फवारायचे सायपरमेथ्रीन किंवा डेल्टामेथ्रीन उरले म्हणून पिसवांसाठी मांजराच्या अंगाला लावू नये. म्हशीला जे सोसते ते मांजराचे यकृत निकामी करू शकत नाही, म्हणजेच ते विष शरीरात तसेच राहते. त्यातून मांजर दिवसभर अंग चाटते, त्यामुळे केसांवर पडलेली प्रत्येक भुकटी पोटात जाते. फरशी फिनेलने पुसली असेल तर वाळेपर्यंत त्याला तेथे येऊ देऊ नये. आणि ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी अर्धीसुद्धा देऊ नये. ती मांजराचा जीव घेते.

खाणे

मांजर मांसाहारी प्राणी आहे, भाकरी-दुधावर ते जगत नाही, फक्त पोट भरते. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर हृदय कमजोर होते, दृष्टी जाते. माळकरी घरातील मांजर आजवर टिकले ते उंदरांमुळे, कारण उंदरात टॉरिन असते. उंदीर संपले की घरच्या खाण्यातून ते मिळावे लागते. मांसाहार चालत असेल तर उकडलेले मासे (काटे काढून), कोंबडीचे मांस, कलेजी थोडी, उकडलेले अंडे द्यावे. शिजलेली हाडे देऊ नयेत, त्यांच्या चिरफळ्या आतड्यात रुततात. ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी तालुक्याच्या गावी मिळणारे मांजराचे तयार खाद्य आणावे. कुत्र्याचे खाद्य त्याच्या जागी चालत नाही. कांदा-लसूण घातलेली आमटी भाकरीवर ओतून देण्याची पद्धत आहे, ती सोडावी. कांद्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, हगवण लागते. पाणी मात्र रोज ताजे, रुंद भांड्यात, खाण्यापासून थोडे दूर ठेवावे.

लस, जंत आणि पिल्ले

मांजराला रेबीज होतो हे अनेकांना ठाऊक नाही. पिसाळलेला कुत्रा चावलेले मांजर नंतर घरातल्या मुलाला चावते. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याप्रमाणे पुढे दरवर्षी. मांजराने चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना, मिरची भरू नये. आजार दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय उरत नाही.

शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे काही चिकटलेले दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे असतात. ते पिसवांमार्फत येतात, म्हणून जंताच्या औषधाबरोबर झोपण्याचे पोतेही उन्हात घालावे. मोठ्या मांजराला दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे. मात्रा वजनावर ठरते, ती दवाखान्यातूनच विचारावी. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची विष्ठा दुसऱ्या कुणी रोजच्या रोज उचलावी. विष्ठेतील टोक्सोप्लाझ्मा एक-दोन दिवसांनंतरच लागण करण्याजोगा होतो, आणि पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. परसातील वाफ्यात मांजर बसत असेल तर गरोदर बाईने हातमोजे घालूनच भाजी काढावी.

मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांनी विते. वर्षाला दोन वेत होतात, कधी तीनही. मग पिल्ले पोत्यात भरून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडली जातात. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आईपासून आठ आठवड्यांच्या आत पिल्ले तोडू नयेत. त्यापेक्षा मांजरीचे नसबंदीचे ऑपरेशन करून घेणे केव्हाही स्वस्त पडते. त्याने उंदीर पकडणे थांबत नाही, घराजवळ राहणे मात्र वाढते. बोका खच्ची केला तर भांडणे आणि त्यातून होणाऱ्या जखमा कमी होतात.

बोका वारंवार लघवीला बसतो, ओरडतो आणि थेंबही पडत नाही, असे दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबलेला असतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. टोपलीला झाकण बांधून लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.