टेन-फोर, कंट्रोल! रोलप्लेइंग गेममधले पोलिसी कोड

'रोलप्लेइंग गेम' म्हटलं की बहुतेकांना कॉम्प्युटर आठवतो. पण हा खेळ मुळात कॉम्प्युटरशिवायचा आहे. चार-पाच जण गोल करून बसतात. एक जण 'गेम मास्टर', म्हणजे आपला सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन 'मी काय करतो' ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला आणि तिथून हा प्रकार पसरला. साहित्य काय? कागद, पेन्सिल, फासे. होस्टेलसाठी एकदम परफेक्ट!

अडचण येते ती वातावरणाची. गोष्ट अमेरिकेतल्या पोलिसांची असेल, तर ट्यूबलाइटखाली कॉटवर बसून रात्रीची गस्त कशी वाटणार? त्यावर स्वस्त आणि मस्त उपाय म्हणजे पोलिसांचे वायरलेस कोड.

कोड आले कुठून?

सिनेमात ऐकू येणारे 'टेन-फोर' वगैरे कोड १९३७ च्या सुमारास अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या पोलिसांत तयार होऊ लागले. श्रेय जातं तिथल्या वायरलेस विभागाच्या चार्ल्स हॉपर यांना. तेव्हा चॅनेल मोजके होते, म्हणून थोडक्यात बोलणं भाग होतं. आणि आधी 'टेन' का? याचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये आहे. त्या काळच्या ट्रान्समीटरला मोटर-जनरेटरमधून वीज मिळायची. बटण दाबल्यावर तो पूर्ण वेगात यायला क्षणभर लागायचा आणि बोलण्याचा पहिला तुकडा गिळला जायचा. म्हणून गिळला गेला तरी चालेल असा शब्द पुढे लावला!

खेळासाठी सहा कोड पुरेत :

टेन-फोर : समजलं.
टेन-सेव्हन : ड्यूटीवर नाही.
टेन-नाइन : पुन्हा सांगा.
टेन-ट्वेंटी : ठिकाण.
टेन-ट्वेंटीथ्री : जागेवर पोचलो.
टेन-थर्टीथ्री : तातडीचं संकट.

वापरायचे कसे?

१) यादी सगळ्यांसमोर ठेवा. पाठांतराची परीक्षा नको, वायवा आहेच की.

२) सूत्रधाराने कंट्रोल रूम व्हावं आणि आवाज सपाट ठेवावा. स्टीलच्या ग्लासात तोंड घालून बोललं की वायरलेससारखा घुमतो.

३) अर्धीच बातमी द्या. कोड काय घडलं ते सांगतो. कोणी, का, किती जण, हे सांगत नाही. भीती त्या मोकळ्या जागेत असते. उदाहरणार्थ :

कंट्रोल : कार तीन, तुमचं टेन-ट्वेंटी?
कार तीन : जुना पूल. रस्ता मोकळा आहे.
कंट्रोल : टेन-फोर. कार पाच तुमच्यासोबत आहे का?
कार तीन : नाही. कार पाच तासापूर्वीच टेन-सेव्हन झाली.
कंट्रोल : टेन-नाइन?
कार तीन : कार पाच टेन-सेव्हन आहे.
कंट्रोल : ...मग आत्ता पुलावरून टेन-ट्वेंटीथ्री कोणी दिला?

यात रक्त नाही, किंकाळी नाही. तरी पुढचा फासा टाकताना हात जरा थांबतोच.

४) सगळ्यात वाईट प्रसंगी कोड सोडा. तासभर आकड्यांत बोलणारं पात्र अचानक साध्या शब्दांत 'मला इथून बाहेर काढा' म्हणालं, की खोली गप्प होते.

एक धोका

कोडचा नाद लागला की दोघं-तिघं आपापसात फाडफाड आकडे फेकतात आणि नवा भिडू नुसता बघत बसतो. विचारायला लाजतो. पुढच्या शनिवारी तो येत नाही. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनी हे जास्त सांभाळायला हवं, कारण इंग्लिश आकडे आमच्या तोंडात आधीच बसलेले असतात. त्याच्या पात्राला 'टेन-नाइन' म्हणायची सवय लावा. न समजणं हाही खेळाचाच भाग होतो आणि विचारायची लाज जाते. मराठीत 'दहा-नऊ' म्हणालात तरी काही बिघडत नाही.

खऱ्या पोलिसांनाही हा धोका भोवला आहे. प्रत्येक खात्याने आपापले अर्थ लावले. न्यूयॉर्क पोलिसांत 'टेन-थर्टीन' म्हणजे पोलिसाला मदत हवी. दुसऱ्या एका प्रचलित यादीत तोच आकडा हवामान आणि रस्त्याच्या स्थितीसाठी आहे! एक जण जिवाच्या आकांताने मदत मागतोय आणि ऐकणाऱ्याला वाटतंय पावसाची चौकशी आहे, अशी कल्पना करा. म्हणूनच २००६ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारने, मोठ्या आपत्तीत अनेक खाती एकत्र काम करतात तेव्हा साधी भाषा वापरायची, अशी अट अनुदानाला जोडली. रोजच्या कामात मात्र बऱ्याच ठिकाणी कोड अजून चालतात.

थोडक्यात, कोड हा मसाला आहे, भाजी नव्हे. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळला तरच त्याची चव.

जाता जाता : सिनेमातलं 'ओव्हर अँड आऊट' चुकीचं आहे बरं का. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. 'आऊट' म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकदम कसं होईल? आम्हाला तर तुमचं उत्तर हवंय. म्हणून नुसतंच... ओव्हर!