वही, रोखा आणि कुळाची जबानी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे काढून घेऊन जाळले. हे लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. सरकारी चौकशी आयोगाने एक गोष्ट आवर्जून नोंदविली: जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तेथे बहुधा पुढे काही घडले नाही. हा भाग शिकविताना वर्गातून हमखास प्रश्न येतो, ‘सर, कागद जाळून कर्ज कसे फिटेल?’ प्रश्न इतिहासाच्या तासाचा. उत्तर मात्र पुराव्याच्या कायद्यात आहे.

१८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ३४ नुसार, धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद न्यायालय विचारात घेते. पण केवळ तिच्या आधारे कोणावर देणे लादता येत नाही. कायद्यातच उदाहरण आहे. हजार रुपयांचा दावा करणाऱ्याने आपली वही दाखविली, तरी अन्य पुराव्याविना कर्ज शाबीत होत नाही. कारण उघड आहे: वही लिहिणारा आणि तिचा लाभ घेणारा एकच.

मग कुळ बुडाले कसे? सावकार नुसत्या वहीवर विसंबत नसे. तो रोख्यावर अंगठा घेई. मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा होई. आणि अटी एकदा कागदावर उतरल्या की कलम ९१ व ९२ प्रमाणे त्यांच्याविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. ‘जमीन गहाण ठेवली होती, विकली नव्हती’ ही जबानी खरेदीखतापुढे टिकेना. फसवणुकीचा अपवाद होता खरा. पण ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याने ती सिद्ध कशी करावी?

१८७९ च्या विशेष कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायाधीशांना रोख्यामागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासण्यास सांगितले. त्याचबरोबर पावती व वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क कुळाला दिला. मला ही दुसरी तरतूद अधिक मोलाची वाटते. तीमुळे कुळाच्या हातीही कागद आला.

कलम ३४ चा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये आहे. संगणकातील हिशेबालाही तो लागू आहे. दुकानदाराने छापील उतारा पुढे केला, तरी तेवढ्याने देणे शाबीत होत नाही. त्याच उताऱ्याखाली ‘मान्य’ म्हणून आपली सही असेल, तर मात्र प्रकरण निराळे.