दोन हिशेब वेगळे ठेव

नांदेड

चि. मनीषा,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर तू रडतेस, मी समजूत घालतो आणि काम आहे तिथंच राहतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

तू चार गोष्टी कळवल्यास. गाईडनी दुसरं प्रकरण लाल शाईनं भरून परत दिलं. कॉलेजचं तासिकेचं मानधन दिवाळीपासून आलेलं नाही. सहामाही प्रगती अहवालावर सही घ्यायला नांदेडला आलीस, तर विभागातले साहेब मीटिंगमध्ये. तशीच परत फिरलीस. आणि उदगीरच्या लग्नात मावशीनं चारचौघांत विचारलं, "अजून संपंना का गं माय तुझी पीएच.डी.?" या चारींचा मिळून तू एकच निष्कर्ष काढलास, की आपल्याला हे जमणार नाही.

माझं म्हणणं असं, की हे सगळं एकाच खात्यावर मांडू नकोस. पहिली अडचण अभ्यासाची आहे. दुसरी आणि तिसरी व्यवस्थेची. चौथी तर अडचणच नव्हे. अभ्यासाची अडचण बसून सोडवावी लागते, कारण ती सोडवणं म्हणजेच संशोधन. व्यवस्थेच्या अडचणीला अर्ज लागतो, तारीख लागते, सोबत चार माणसं लागतात. तिथं स्वतःच्या बुद्धीवर शंका घेऊन काही हलत नाही. इतकी वर्षं मुलं पाहतोय, बहुतेकांचं इथंच उलटं होतं. मानधन अडलं की स्वतःला कमी लेखतात, आणि प्रकरण परत आलं की गाईडच्या नावानं बोटं मोडतात.

आधी प्रकरणाचं बघू. तू पाठवलेले पानांचे फोटो मी पाहिले. समासात जागोजागी एकच शेरा आहे: "हे कशावरून?" तुला तो अपमान वाटला. मला तो गाईडनी प्रकरण ओळ न् ओळ वाचल्याचा पुरावा वाटतो. न वाचता सही करणारे गाईड ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांची खरी परीक्षा व्हायवाच्या दिवशी होते.

तुझा विषय २०१६ च्या टंचाईतल्या लातूरच्या बायका. मांजरा धरण आटलं होतं, पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ती रेल्वे साऱ्या देशानं पाहिली. पण ते पाणी टँकरपासून घरातल्या पिंपापर्यंत कुणी नेलं, रात्री किती वाजता नेलं, त्यापायी कुणाची मजुरी बुडाली आणि कुणाची शाळा, हा तुझा प्रश्न आहे आणि तो चांगला आहे.

आता गाईडचा शेरा जिथं सगळ्यात मोठा आहे ते पान काढ. तिथं तू लिहिलंस, २०१६ मध्ये या वस्तीतल्या बायका रात्री दोनला घागरी रांगेत लावत. खाली मुलाखतीचा आधार दिलास. पण मुलाखतीत ती बाई साल सांगतच नाही. ती म्हणते, "पोरगी दहावीला होती त्या उन्हाळ्यात." साल तू घातलंस. माणसं असंच लक्षात ठेवतात. कुणाच्या लग्नावरून, कुणाच्या बाळंतपणावरून, बैल विकला त्यावरून. तेव्हा पुन्हा त्यांच्या घरी जा आणि मुलीची गुणपत्रिका बघायला माग. मार्च २०१६ निघाला तर तुझं वाक्य टिकलं. मार्च २०१३ निघाला तर त्या आधीच्या दुष्काळाचं सांगताहेत. त्यांचं बोलणं दोन्ही बाजूंनी खरं. तुझा प्रबंध मात्र एकाच उन्हाळ्याचा आहे. मग महापालिकेत त्या वॉर्डाच्या टँकरच्या नोंदी मिळतात का बघ, आणि दैनिक एकमत, लोकमतच्या त्या महिन्यांच्या फायली चाळ. तीन ठिकाणचं जुळलं की समासातला तो शेरा आपोआप निघेल. विद्यापीठाच्या संशोधन समितीनं (आरआरसी) मंजूर केलेलं शीर्षक मोठं आहे म्हणून सगळं शहर पालथं घालू नकोस. गाईडना विचारून दोन वस्त्या घे, पण त्या पक्क्या कर.

वेळ मिळत नाही म्हणतेस. तासिकांमुळे सलग दिवस मिळत नाही, हे खरं. तरी सकाळचे दोन तास कुणाला देऊ नकोस. ज्या दिवशी लिहायला सुचणार नाही त्या दिवशी एक मुलाखत उतरवून काढ. तेवढंही होत नसेल तर संदर्भसूची नीट लाव. वहीत तारीख टाकून काय झालं ते दोन ओळींत मांड. मन खट्टू होईल तेव्हा ती वही उघड, कारण सहा महिन्यांत काहीच झालं नाही असं वाटतं तेव्हा ते बहुधा खोटं असतं. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी तुझ्याच जिल्ह्यातले, निलंग्याचे. हैदराबाद संस्थानच्या सरकारी नोकरीत असताना ते आदिलाबादेकडं गोंडी आणि कोलामी शिकले आणि त्या भाषांवर लिहिलंही. त्यांनाही नोकरी सांभाळूनच वेळ काढावा लागला.

आता दुसरा हिशेब. मानधनासाठी प्राचार्यांकडे एकटी जाऊ नकोस. तासिका तत्त्वावरचे जेवढे आहेत तेवढ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घ्या. तोंडी विनंतीचा कागद होत नाही. नांदेडला निघण्याआधी विभागात फोन करत जा. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पण चाकूर, अहमदपूर, लोहा करत येण्याजाण्यात दिवस पुराच जातो. विद्यापीठाच्या लातूरजवळच्या पेठच्या उपपरिसरात कोणतं काम उरकतं तेही एकदा विचारून ठेव. नांदेडचं हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला झालं. त्याआधी लातूरच्या मुलांना एका सहीसाठी औरंगाबाद गाठावं लागे. तेव्हा हाल जास्त होते म्हणून आजचे हाल गोड मानून घे, असं मी म्हणणार नाही. गैरसोय तेव्हाही व्यवस्थेचीच होती, मुलांची लायकी त्यावरून ठरत नव्हती.

आणि नियम स्वतः वाच, ऐकीव माहितीवर राहू नकोस. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, वर मुदतवाढीची सोय आहे, बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्नामुळे गाव बदललं तर संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याची तरतूद आहे. प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्तीही त्यात काढून टाकली. आपल्या विद्यापीठाची अट काय ती विभागात विचार. पैसे भरून कुठल्यातरी जर्नलमध्ये पेपर छापू नकोस. "प्रबंध बघून देतो" म्हणणारा भेटला तर त्याचा नंबरसुद्धा घेऊ नकोस.

मावशीला सांग, "अजून दोन वर्षं लागतील." एवढंच. खुलासा दिला की पुढचा प्रश्न लग्नाचा येतो.

नोकरीचंही स्पष्ट सांगतो. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक. तू सेट झालीस ते बरं झालं. तेव्हा फक्त नोकरीसाठी हे चाललं असेल तर आज सोडलंस तरी मी तुला नावं ठेवणार नाही. पण त्या बायकांचं सांगणं कुणीतरी नीट लिहून ठेवलं पाहिजे असं वाटत असेल, तर मानधन आणि सही अडली म्हणून सोडू नकोस. सोडायचंच झालं तर अभ्यासातून कारण काढ, ऑफिसातून नको.

येत्या रविवारी त्या बाईंकडे जा, गुणपत्रिका बघ आणि साल कोणतं निघालं ते मला कळव. त्यानंतर दुसरं प्रकरण पाठव, मी वाचतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा