दुखतंय म्हणायला लाजू नको गं

सातवा संपत आला ना तुझा? मग डोहाळजेवणाच्या गडबडीत हेही आत्ताच बोलून घेऊ. पूर्णेला माहेरी आलीस की जो तो सांगेल, 'बाईच्या जातीला सोसावंच लागतं.' ऐकून घे, वाद घालत बसू नको, पण मनावरही घेऊ नको. कळांवर उपाय मागितला म्हणून तू नाजूक ठरत नाहीस, की बाळावरची तुझी माया कमी होत नाही.

खरं सांगू का, नुसत्या कळा जोराच्या होत्या म्हणून बायका नाराज राहत नाहीत. 'मला कोणी काही सांगितलंच नाही', 'ओरडू नको म्हणून अंगावर आले', हे मात्र वर्षानुवर्षं खुपत राहतं. टोरांटोच्या नर्सिंगच्या प्राध्यापक एलन हॉडनेट यांनी २००२ मध्ये यावरचे कितीतरी अभ्यास एकत्र वाचले. त्यात हेच दिसलं. बाईला आधार मिळाला का, तिच्याशी नीट बोलले का, निर्णयात तिला विचारलं का, यावर तिचं समाधान जास्त ठरतं. किती दुखलं ते त्यामानानं मागे पडतं.

म्हणून पहिलं काम हे कर, जवळ कोण थांबणार ते ठरव. सरकारी दवाखान्यांसाठी २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यात बाळंतिणीजवळ तिच्या ओळखीची बाई असावी असं सांगितलंय. आई तुझ्याआधी रडणार असेल तर मावशीला ने. नात्यापेक्षा धीर बघ. तिला आधीच शिकवून ठेव. कळ आली की तळहाताची टाच कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर रोवायची आणि कळ ओसरेपर्यंत दाब सोडायचा नाही. वरवर चोळून भागत नाही. तू कॉटचा दांडा धरून पुढं वाकायचं, श्वास लांब सोडायचा. कळ गेली की दोन घोट पाणी पी, जमेल तेवढं चाल. सारखं उताणं पडून राहू नको, त्यानं कंबर जास्त धरते.

आता औषधांचं बघ. कळा कमी करायचं इंजेक्शन असतं, पण त्यानं गुंगी येते, मळमळतं. बाळंतपण अगदी जवळ आलं असताना दिलं तर बाळही सुस्त होऊ शकतं, म्हणून वेळ डॉक्टरांनाच ठरवू दे. दुसरं म्हणजे एपिड्युरल. पाठीत बारीक नळी ठेवून तिच्यातून थोडं थोडं औषध सोडतात. कळांवर सगळ्यात जास्त गुण याचाच. 'त्यानं सिझर होतं', 'पाठ कायमची धरते' असं तुला कोणीतरी सांगेलच, पण अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. बीपी उतरू शकतं, पाय जड होतात, जोर लावायला वेळ थोडा जास्त लागतो, एखादीचं डोकं काही दिवस दुखतं, हे मात्र खरं. आणि त्याला भूलतज्ज्ञ हवा, बाळाच्या ठोक्यांवर नजर ठेवणारं कोणी हवं. ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते, म्हणून कळा सुरू झाल्यावर मागून उपयोग नाही.

तेव्हा आठव्यातच डॉक्टरांना सरळ विचार. कळा कमी करायला तुमच्याकडे काय आहे? रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ येतात का? खर्च किती? माझ्याजवळ बाई थांबली तर चालेल ना? इथं सोय नसेल तर परभणीला की नांदेडला जायचं, हे घरात बसून ठरवा. तिथंही आधी विचारून ठेवा. ऐनवेळी गाडीच्या वेळा बघत स्टेशनवर बसायचं नाही. १०२चा आणि आशाताईंचा नंबर आईच्या फोनमध्ये घालून ठेव.

आणि हे बघ, एपिड्युरल न घेता निभावलं तरी छान, मध्येच 'आता नाही सहन होत' म्हणालीस तरी छान. मन बदलायला तुला कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्या तपासणीला हे सगळं कागदावर लिहून घेऊन जा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते संध्याकाळी मला फोन करून सांग.